उरलेल्या आयुष्याचा सौदा

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडच्या बाजूने चालत गेलं की गाड्या सुट्या-सुट्या होऊन भेटतात. दारं एकावर एक रचलेली, बॉनेट भिंतीला टेकवलेली, हेडलाइटच्या जोड्या तारेला अडकवलेल्या, गाळ्याच्या आत साखळीवर लटकणारं इंजिन. जमिनीवर ऑइलचा काळा थर इतका जुना, की पावसाचं पाणीही त्यावरून घसरून जातं. गिऱ्हाईक थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कौनसी गाडी? मॉडेल?’ गाडीचं नाव आणि साल सांगितलं, की गाळ्यातला पोरगा त्या ढिगात हात घालून नेमका तोच आरसा, तोच स्विच बाहेर काढतो. कुठला भाग कुठल्या गाडीला चालतो याचं ज्ञान इथे पुस्तकात नाही, हातात आहे.

या भागाचं आणि मोटारीचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी तिथे तयार व्हायची. 30 ऑक्टोबर 2023 रोजी पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्याचा अधिकृत निरोप घेतला, तोवर तिचे सुटे भाग शोधत टॅक्सीवाले याच गल्ल्यांमध्ये येत राहिले. कंपनीने बनवणं थांबवल्यानंतरही एखादी गाडी वर्षानुवर्षं चालते, ती अशा बाजारांच्या जिवावर. पुण्याचा जुना बाजार असो, दिल्लीची मायापुरी असो की चेन्नईचं पुदुपेट्टई, या ठिकाणांनी देशातल्या कितीतरी साध्या माणसांची चाकं फिरती ठेवली आहेत. त्यांच्याकडे नुसतं ‘भंगार’ म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही या ढिगातली एक वस्तू बाकीच्यांहून वेगळी आहे, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. दार डोळ्यांनी पाहून घेता येतं. गिअरबॉक्स हाताने फिरवून पाहता येतो. बॅटरीचं तसं नाही. बाहेरून दिसणारा प्लास्टिकचा डबा, वर दोन टर्मिनल, एक स्टिकर; आत किती जीव शिल्लक आहे हे त्यातलं काहीच सांगत नाही. जुनी बॅटरी घेणारा माणूस खरं तर तिचं उरलेलं आयुष्य विकत घेत असतो. ते मोजून घेतलं तर सौदा चांगला होऊ शकतो. अंदाजाने घेतलं तर पैसे जातातच, आणि एखाद्या रात्री घाटात गाडीही उभी राहते.

दोष बॅटरीचाच आहे का?

सकाळी चावी फिरवली, आतून नुसतं ‘टक्‌’ वाजलं, सेल्फ लागला नाही, की आपण म्हणतो बॅटरी गेली. शेजाऱ्यांना हाक मारून धक्का स्टार्ट करतो आणि दुपारी बॅटरीच्या शोधात निघतो. चांगला वायरमन आधी दुसरीकडे पाहतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे का? क्लॅम्प सैल आहे का? बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजली आहे का? कोकणपट्टीच्या दमट हवेत यातलं काही ना काही सापडतंच.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर चार्जिंग देत नाही, आणि तशा गाडीत नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. फार जास्त असतील तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीला आतून उकळतोय. गाडी बंद असतानाही कुठेतरी करंट खाल्ला जात असतो. तो साधारण 50 मिलिॲम्पिअरच्या आत असला तर ठीक. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम, कॅमेरा किंवा अलार्म याहून अधिक खात असेल, तर दोष बॅटरीचा नाही. एवढी तपासणी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये काही मिनिटांत होते. ती झाल्याशिवाय बॅटरी शोधायला निघू नये, जुनी नाही आणि नवीही नाही.

माल येतो कुठून

गाडी तोडणाऱ्यांकडे बॅटऱ्या येण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि प्रत्येक वाटेने आलेल्या बॅटरीचं नशीब निराळं असतं.

सगळ्यांत चांगली बॅटरी अपघातात निकामी झालेल्या तरुण गाडीची. विमा कंपनीने दुरुस्ती परवडत नाही म्हणून गाडी लिलावात काढली, पण बॅटरी वर्षभराचीच आहे आणि धक्का मागून बसल्यामुळे बॉनेटखाली खरचटलंही नाही, अशी गाडी तोडायला आली की जाणकार गिऱ्हाईक ती बॅटरी सोडत नाही. दुसरी वाट वय झालेल्या गाड्यांची. गाडी पंधरा वर्षांची असली तरी मालकाने बॅटरी अलीकडेच बदललेली असू शकते. गाडीचं वय आणि बॅटरीचं वय एक नसतं, म्हणून डब्यावर ठोकलेला किंवा छापलेला उत्पादनाचा महिना-साल पाहणं महत्त्वाचं.

तिसरी वाट पुराच्या पाण्याची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. मिठी नदीच्या काठचा कुर्ल्याचा हा सगळा परिसर तेव्हा पाण्याखाली होता, आणि अनेक गाड्यांचा प्रवास तिथेच संपला. पुरातल्या गाडीची बॅटरी बाहेरून धुऊन स्वच्छ दिसते. पण ती पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली असते, आणि झाकणाच्या छिद्रांतून घाण पाणी आत गेलं असेल तर तिचा भरवसा उरत नाही.

वाट कुठलीही असो, यार्डात पडून राहण्याचा काळ तिच्या वाईटावर असतो. शिसं आणि आम्ल यांच्यावर चालणारी ही बॅटरी गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली तयार केली, आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. शिशाच्या प्लेटा, गंधकाम्ल आणि पाणी. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. चार्ज केली की ते पुन्हा विरघळतं. पण उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडली, तर कुकरच्या तळाशी पाण्याचा क्षार धरावा तसं हे सल्फेट प्लेटांवर टणक होऊन बसतं आणि मग निघत नाही. वापर नसतानाही बॅटरी आपोआप उतरत जाते, आणि उन्हात अधिक वेगाने. पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढलेली ‘फक्त एक वर्ष वापरलेली’ बॅटरी म्हणूनच नीट राखलेल्या तीन वर्षांच्या बॅटरीपेक्षा वाईट असू शकते. ‘किती वर्षांची?’ या प्रश्नाला जोडून ‘काढून किती दिवस झाले, आणि मधे चार्जिंगला लावली होती का?’ हेही विचारायचं ते यासाठी.

आपल्या गाडीला बसणारी

12 व्होल्टची प्रत्येक बॅटरी प्रत्येक गाडीला चालते, हा समज अनेकांना दोनदा बाजारात यायला लावतो. डब्यावरचा क्रमांक वाचता आला की हा फेरा वाचतो.

मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांत 38बी20एल ही जपानी पद्धतीची बॅटरी बसते. यातला 38 तिच्या ताकदीचा दर्जा सांगतो. बी हे अक्षर रुंदी-उंचीचं माप, म्हणजे रुंदी साधारण 13 सेंटिमीटर. 20 म्हणजे लांबी सुमारे 20 सेंटिमीटर. शेवटचं एल किंवा आर टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. हे शेवटचं अक्षर चुकलं की बॅटरी खाचेत नीट बसते, पण प्लसची वायर प्लसपर्यंत पोचत नाही. मग कोणीतरी वायर ओढून ताणतो, किंवा घाईत उलटी जोडतो. उलट्या जोडणीत फ्यूज तर जातातच, अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. काही क्रमांकांच्या शेवटी एस असतो, तो जाड पोलचा. पातळ पोलवर जाड क्लॅम्प कितीही आवळला तरी सैलच राहतो, आणि सैल क्लॅम्पवर ठिणगी पडते.

युरोपीय घडणीच्या गाड्यांत डिन मापाच्या बॅटऱ्या असतात. त्या बुटक्या असतात, पोल जाड असतात आणि त्यांना खालच्या कडेला पट्टीने धरून ठेवतात. जपानी बॅटरी वरून आडव्या पट्टीने आवळतात. एकीच्या जागी दुसरी बसवली तर धरायला काहीच राहत नाही, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मोकळी हलणारी बॅटरी आतल्या प्लेटा झाडून टाकते. उंच बॅटरी बॉनेटच्या पत्र्याला टेकली तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.

ॲम्पिअर-अवरचा आकडा मूळ बॅटरीइतका किंवा थोडा जास्त चालतो. थोड्या मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर जळतो, ही भीती खोटी आहे. कमी आकड्याची मात्र घेऊ नये, डिझेल गाडीला तर मुळीच नाही. तिच्या इंजिनाला फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो.

नव्या काळातल्या काही गाड्यांबाबत माझं मत सरळ आहे. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. दिवसभरात असंख्य वेळा इंजिन सुरू करण्याचा ताण साधी बॅटरी सोसत नाही. काही महागड्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. अशा गाड्यांसाठी तोडणाऱ्याकडची बॅटरी शोधू नये.

मोजल्याशिवाय पैसे नाहीत

बाजारात बॅटरी दाखवण्याची एक पद्धत अजून दिसते. वायरचा तुकडा घेऊन दोन्ही टर्मिनलवर क्षणभर टेकवतात, मोठी ठिणगी उडते, आणि ‘देखो, कितना करंट है’ असं म्हणतात. ही चाचणी नव्हे, हा धोका आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि ठिणगीने बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत उडाल्याने माणसं दृष्टी गमावतात. कोणी असं करायला लागला तर त्याला थांबवावं.

खरी तपासणी क्रमाने होते. प्रथम डोळ्यांनी. डबा फुगलेला असेल तर ती अति चार्जिंगने किंवा उष्णतेने शिजलेली आहे. पोलवर हातोड्याच्या खुणा, कडेला तडा, झाकण पुन्हा चिकटवल्याची रेघ, नव्या स्टिकरखालून डोकावणारा जुना स्टिकर, यातलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नये.

मग व्होल्टेज. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक जवळजवळ 2.1 व्होल्टचा. पूर्ण चार्ज झालेली, काही तास विश्रांती घेतलेली बॅटरी 12.6 च्या वर दाखवते. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंग करूनही आकडा 10.5 च्या आसपास अडकला, तर एक सेल मेला आहे, आणि अशी बॅटरी फक्त वजनावर विकायच्या लायकीची. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी काही काळ खोटा चढा आकडा दाखवते. त्यासाठी तिच्यावर हेडलाइटचा बल्ब मिनिट-दोन मिनिटं लावून मग मोजतात.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर बुडवावा. प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता वेगवेगळी मोजायची. भरलेल्या बॅटरीत ती 1.25 च्या आसपास किंवा वर असते. पण त्याहून बोलका असतो सेला-सेलांमधला फरक. एक सेल बाकीच्यांपेक्षा 0.05 ने खाली असेल तर तो मरणपंथाला लागला आहे. आम्ल काळपट-तपकिरी दिसलं तर प्लेटांचा लेप झडून तळाशी बसतोय. सीलबंद बॅटरीला असलेला हिरवा डोळा पाहून अनेक जण निर्धास्त होतात, पण तो सहांपैकी एकाच सेलची खबर देतो.

शेवटी लोड, आणि निर्णय इथेच होतो. व्होल्टेज पूर्ण दाखवणारी बॅटरीही भार पडताच कोसळू शकते, कारण सेल्फ फिरवायला शंभर-दीडशे ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त करंट एकदम लागतो. डब्यावर कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी किती ॲम्पिअर देऊ शकते त्याचा, आकडा असतो. समजा तो 300 आहे. त्याच्या निम्मा, म्हणजे 150 ॲम्पिअरचा भार लोड टेस्टरने 15 सेकंद द्यायचा. त्या काळात व्होल्टेज 9.6 च्या वर टिकलं तर बॅटरीत दम आहे. हल्ली हातात मावणारे डिजिटल टेस्टरही मिळतात, भार न देता ते आतली वाहकता मोजून उरलेली ताकद आकड्यात दाखवतात. ती छापील ताकदीच्या बरीच खाली असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पाठ फिरवावी. या बाजारात ‘लोड लगाके दिखाओ’ हे वाक्य म्हणायला कोणी संकोचू नये. चांगला व्यापारी या मागणीवर रागावत नाही, स्वतःहून टेस्टर काढतो.

फसवणुकीची एक जुनी रीत माहीत असलेली बरी. थकलेल्या बॅटरीतलं पाणी कमी करून वरून तीव्र आम्ल भरतात. हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो, आणि काही आठवड्यांत तेच आम्ल प्लेटा खाऊन टाकतं. एकट्या हायड्रोमीटरवर विसंबू नये ते यामुळे.

हिशेब आणि पावती

जुनी बॅटरी स्वस्त असतेच असं नाही. ती कधीच कवडीमोल होत नाही, कारण तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं आणि त्याची संयुगं असतात, आणि शिशाला किलोवर भाव आहे. तोडणारा त्या भावाच्या खाली तुम्हाला देणार नाही. तुमची स्वतःची मेलेली बॅटरीही त्याच भावाची आहे, हे गिऱ्हाइकाने विसरू नये. ती बदल्यात देऊनच किंमत ठरवावी.

मग दरमहा खर्च काढावा. समजा, जुनी देऊन नवी बॅटरी 4,800 रुपयांना पडते आणि तिला 48 महिन्यांची वॉरंटी आहे. महिन्याला 100 रुपये झाले. तोडणाऱ्याकडची 1,800 रुपयांना मिळाली आणि वर्षभर चालली, तर महिन्याला 150. ती दीड वर्षाच्या पुढे गेली तरच फायदा. म्हणून तपासणी नसेल, तर ‘स्वस्त’ बॅटरी गरिबाला महाग पडते. हे मला विशेष लागतं, कारण या गाळ्यांसमोर उभे असलेले बहुतेक लोक हौसेने आलेले नसतात. टेम्पोवाला असतो, ज्याचा आजचा फेरा बुडाला तर आजची कमाई बुडते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अडकलेला नोकरदार असतो. त्यांना टेस्टरची सर्वांत जास्त गरज असते आणि तो मागण्याची सवय सर्वांत कमी.

जुनी बॅटरी घेण्याचे शहाणपणाचे प्रसंग आहेत. गाडी थोड्याच महिन्यांत विकायची किंवा मोडीत काढायची आहे. जुन्या मॉडेलचं विचित्र माप दुकानात मिळत नाही. ओळखीच्या तोडणाऱ्याकडे नुकतीच अपघातातली गाडी आली आहे आणि बॅटरी तुमच्यासमोर काढली जाते आहे. याउलट ज्या गाडीतून आजारी माणसाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यावं लागतं, तिच्यात नवीच बसवावी.

पावती घ्यावीच. तिच्यावर बॅटरीचा अनुक्रमांक, ती कुठल्या नंबरच्या गाडीतून काढली आणि किती दिवसांत परत घेणार, हे लिहून घ्यावं. उभ्या ट्रक-टेम्पोंच्या बॅटऱ्या रात्रीतून चोरीला जातात, हे कुठलाही चालक सांगेल. चोरीचा माल आहे हे कळत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. पावती द्यायला तयार नसलेला विक्रेता त्याच क्षणी पुरेसं सांगून जातो.

घरी नेताना बॅटरी उभी ठेवावी, लोकलच्या गर्दीत नेऊ नये. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.

मेल्यानंतरची बॅटरी

ही दुसऱ्यांदा वापरलेली बॅटरीही एक दिवस मरते. तेव्हा ती कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न मला किमतीहून मोठा वाटतो. शिशाच्या बॅटरीची एक चांगली गोष्ट अशी, की ती जवळजवळ पूर्ण पुन्हा वापरात येते. नीट चालवलेल्या कारखान्यात तिचं शिसं वितळून नव्या बॅटरीत जातं. पण तीच बॅटरी एखाद्या आडोशाला कुऱ्हाडीने फोडली, आम्ल गटारात ओतलं आणि प्लेटा उघड्या भट्टीत वितळवल्या, तर शिशाची धूळ आसपासच्या मातीत, कपड्यांत आणि लेकरांच्या रक्तात जाते. सेनेगलच्या डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर इथे नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात 18 मुलं अशाच बॅटरी-भंगाराच्या विषाने दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं असल्याचं मांडलं, आणि त्यांतली 27 कोटींहून अधिक भारतातली होती. शिशाचं पेट्रोल आपण 2000 साली बंद केलं. बॅटरीतलं शिसं अजून आपल्यामध्येच आहे. त्याने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही, आणि शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मिठीच्या काठाने हा बाजार वाढला, त्या नदीत तेल, रसायनं आणि भंगाराचा कचरा गेला, आणि तिच्या कडेच्या वस्त्या आजही त्याच पाण्याशेजारी राहतात.

कायदे आहेत. 2001 च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकली. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती उत्पादकांवर अधिक घट्ट बसवली, बॅटऱ्या पुन्हा वापरायोग्य करणाऱ्यांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आणि ग्राहकानेही बॅटरी वेगळी ठेवून योग्य यंत्रणेकडेच द्यावी असं सांगितलं. गाड्या मोडण्यासाठी 2021 पासून नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था आहे, आणि 1 एप्रिल 2025 पासून मोडीत निघालेल्या वाहनांसाठी स्वतंत्र पर्यावरण नियम लागू झाले आहेत.

पण नियमांच्या नावाखाली कुर्ल्यासारखे बाजार उठवून लावण्याने काही साधणार नाही. ते लोक उठतील, बॅटऱ्या आणखी आतल्या गल्लीत जातील, आणि कुऱ्हाड तिथे चालेल. पिढ्यान्‌पिढ्यांचं हस्तज्ञान असलेल्या या कारागिरांना नोंदणी सोपी करून द्यावी, आम्लाला टाकी आणि हातमोजे द्यावेत, लोड टेस्टर घ्यायला मदत करावी, आणि मेलेल्या बॅटरीचा भाव अधिकृत पुनर्चक्रणाच्या कारखान्याकडून आडोशाच्या भट्टीपेक्षा जास्त मिळेल अशी व्यवस्था करावी. भाव जिकडे, माल तिकडे. एवढं एक कळलं तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं आपल्या हाती आहे. घेताना मोजमाप मागायचं, पावती मागायची, आणि मेल्यावर बॅटरी दारावर आलेल्या अनोळखी फेरीवाल्याला न देता पावती देणाऱ्या विक्रेत्याकडे परत न्यायची. गिऱ्हाइकांनी हे रोज मागितलं, तर गाळ्यागाळ्यावर टेस्टर येईल, कारण या बाजारात जे मागितलं जातं तेच ठेवलं जातं.